वणव्यातलं वऱ्हाड

मराठीत बंब दोन. एक तांब्याचा, न्हाणीघरात उभा राहून पोटात निखारे घेणारा आणि आंघोळीचं पाणी तापवणारा. दुसरा लाल, चाकांवर पळणारा, आग विझवणारा. एक आगीनं पाणी गरम करतो, दुसरा पाण्यानं आग गार करतो, आणि दोघांना एकच नाव ठेवणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर शोधतो आहे. सापडला तर विचारणार आहे, बाबा रे, तुला दुसरा शब्द मिळाला नाही का? कारण त्या एका नावापायी भुकूमच्या एका मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि मी तेव्हा दुसऱ्या जातीच्या बंबावर ड्रायव्हर होतो.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. पौडच्या रस्त्याला सरकारचं गवताचं मोठं कुरण होतं. दिवाळीनंतर गवत कापायचं, वाळवायचं, गाठी बांधून लष्कराच्या खेचरांसाठी पुण्याला धाडायचं, असा तिथला कारभार. एवढं वाळलं गवत एका जागी म्हणजे आगीला आवतणच, म्हणून कुरणाच्या फाटकाशी बंब उभा असायचा. लढाईतून उरलेला ट्रक, त्यावर पाण्याची टाकी, मागे पंप आणि कापडी नळी. त्याचा रंग लाल आहे असं म्हणायची पद्धत होती. घंटा मात्र खणखणीत. मी महाळुंग्याचा, खडीच्या ट्रकवर गाडी शिकलेला आणि डोक्यानं तापट. अशा माणसाला आग विझवायच्या कामावर कुणी आणि काय विचार करून नेमलं, ते मला कधी कळलं नाही.

आम्ही तिघं होतो. नळी धरायला एक धनगराच्या घरातला गडी होता. डोंगर चढताना त्याला दम लागलेला मी कधी पाहिला नाही, आणि बोलण्यातही तो दम खर्ची घालत नसे. आमच्यावर एक जमादार होता, लष्करातून निवृत्त झालेला, अंगानं काटकुळा आणि मिशीनं भरघोस. बाकी जगात त्याला कशात फारसा रस नव्हता, पण वणव्याबद्दल बोलायला लागला की जेवण निवून जायचं.

नव्या माणसाला वाटतं, आग दिसली की गाडी तिच्या तोंडावर घालावी. जमादार म्हणायचा, बैल उधळला तर तू शिंगांना जाऊन धरतोस का? वणव्याला तोंड असतं, दोन कुशी असतात आणि शेपूट असतं. तोंड वाऱ्याबरोबर पळतं, चढ लागला तर आणखी जोरात. शेपूट वाऱ्याला उलटं, रांगत रांगत मागे सरकतं. आपण शेपटाकडून आत शिरायचं, म्हणजे जिथं जळून गेलं आहे तिथून. जळलेल्या जमिनीला तो काळं म्हणायचा आणि उभ्या वाळल्या गवताला पिवळं. गवताची आग घाईची असते. चुलीतल्या लाकडासारखी ती बसून राहत नाही, घटकाभरात जमीन काळी करून पुढे जाते, आणि काळं झालेलं पुन्हा पेटत नाही. तेव्हा जीव वाचवायची जागा काळ्यात. सुंदर, मऊ, डुलणाऱ्या पिवळ्यात जो थांबला तो गेला.

मग आमचं काम सुरू व्हायचं. गाडीची एका बाजूची चाकं काळ्यात ठेवून मी पहिल्या गियरमध्ये गाडी रांगवायची. नळीवाला बाजूनं चालत ज्वाळेच्या मुळाशी पाणी मारायचा, शेंड्याला नाही. त्याच्या पावलाशी माझं चाक जुळलं पाहिजे, पुढं गेलं तर नळी ताणते, मागे राहिलं तर तो माझ्याकडे बघतो, आणि ते बघणं शिवीपेक्षा वाईट असायचं. मागून गावकरी निरगुडीच्या डहाळ्या आणि भिजवलेली पोती घेऊन धुमसणारी कड झोडपत यायचे. अशी एक कूस आवळत आवळत तोंडापर्यंत जायचं. आणि टाकीतलं शेवटचं पाव हिस्सा पाणी कुणी कितीही रडलं तरी गवतावर घालायचं नाही. ते पाणी आपलं, गाडी अडकली तर आपल्या अंगावर घ्यायचं. त्या पाण्याच्या बाबतीत जमादार मारवाड्याच्या वरताण होता.

चैत्र-वैशाखात आम्हाला उसंत नसायची. त्या दिवसांत सगळ्या मुळशीत राब भाजतात. भाताची रोपं टाकायच्या वाफ्यावर शेण, पाला, काटक्या पसरून जाळायचं, आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेतच बी पेरायचं. एखाद्याचा राब हाताबाहेर गेला की आमची घंटा वाजायची. एरवी गावांना आमचं फार कौतुक होतं असं नाही. बायका मला विचारायच्या, डायवर, एवढ्या मोठ्या बंबात पानी तापाया किती लाकडं लागत्यात? पहिली दोन वर्षं मी समजावून सांगितलं. तिसऱ्या वर्षी मी गाडीभर म्हणून सांगायला लागलो.

अशाच एका वैशाखातल्या सकाळी भुकूमचा एक शेतकरी फाटकाशी येऊन उभा राहिला. अंगात नवी बंडी, डोक्याला कोरं मुंडासं, आणि तोंडावर मात्र चार दिवस झोप नसल्यासारखी कळा. त्याच्या मुलीचं संध्याकाळी लग्न होतं. वऱ्हाड पलीकडच्या चांदे गावाहून येणार, मधला डोंगर ओलांडून खिंडीतून, आणि आल्याबरोबर पाहुण्यांना आंघोळीला गरम पाणी द्यायचं असं ठरलं होतं. गावातले दोन तांब्याचे बंब मागून आणले, ते पुरायचे नाहीत. कुणीतरी त्याला सांगितलं, कुरणावर लई मोठा बंब हाय.

जमादाराची मिशी थरथरायला लागली. मी तोंड फिरवून हसून घेतलं. जमादारानं त्याला गाडीभोवती फिरवून टाकी दाखवली, पंप दाखवला, निखारे घालायला कुठं जागा आहे का ते त्यालाच विचारलं. तो बिचारा ओशाळला, पण गेला नाही. टाकीला टेकून त्यानं आपलं मन मोकळं केलं. मुलीचं आधी एक लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली आणि आठवड्यात मुलाकडचा बैल दगावला. त्या लोकांनी बैलाचं खापर मुलीवर फोडून लग्न मोडलं. तेव्हापासून गावात ती पाणवठ्यावर आली की बायका बोलायच्या थांबतात. आज सगळं रीतसर, वेळेवर, कुठंही खोट न काढता पार पडायला हवं होतं. मुहूर्त गोरज होता, गुरं घरी फिरतात तेव्हाचा. हे लग्न राहिलं तर तिला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं, हे त्यानं डोळ्यात पाणी न आणता सांगितलं आणि मला त्यानंच जास्त वाईट वाटलं. जाताना तो आम्हा तिघांना जेवायचं आवतण देऊन गेला.

दुपार कलली तशी घामानं निथळणारा एक गडी पळत आला आणि फाटकाची कडी धरून म्हणाला, बंब द्या, वऱ्हाड अडकलंय. जमादार नुकता झोपेतून उठला होता. त्याला वाटलं, आंघोळीवाचून अडकलंय. त्यानं त्या गड्याला खाली बसवलं आणि बंब कशाला म्हणतात याचा पाठ सुरुवातीपासून सुरू केला. गडी मधे मधे बंब बंब म्हणत होता, जमादार आणखी चिडत होता. हा तमाशा बराच वेळ चालला असता, पण नळीवाल्यानं माझ्या खांद्याला हात लावून मान उत्तरेकडे वळवली. भुकूमच्या डोंगरावर धूर उभा होता, पांढरा, जाड आणि पूर्वेकडे कललेला. त्या खेपेला जमादाराला गाडीत चढताना मी पाहिलं नाही, तो आधीच चढलेला होता.

तो गडी भुकूमहून वऱ्हाडाला सामोरा गेलेला, वाटेत त्याच्याकडून कळलं ते असं. वऱ्हाड खिंड उतरून थोडं खाली सपाटीवर आलं. तिथून भुकूम दिसतं. वऱ्हाड आलं हे गावाला कळावं म्हणून नवऱ्याच्या चुलत्यानं हौसेनं उखळीचा बार उडवला. लोखंडी उखळीत दारू ठासून काढलेला तो आवाज दोन गावांत गेला, आणि ठिणगी गेली वैशाखातल्या गवतात. वाऱ्यानं तोंड पूर्वेला पळवलं, शेपूट खाली गावाच्या दिशेनं रांगायला लागलं आणि त्यानं गाडीवाट कापली. आता वऱ्हाड वर, मांडव खाली आणि मधे वणवा.

गावात पोचलो तर लग्नघराची पुरुषमाणसं कोऱ्या कपड्यांनिशी डहाळ्या घेऊन धावत होती. शेपूट गवताच्या गंज्यांपर्यंत उतरलं असतं तर मांडवालाही धोका होता, कारण मांडव गवतानंच शाकारलेला. मुलीचा बाप डोंगराकडे बघत नुसता उभा होता. मी त्याला हाक मारून गाडीमागे यायला सांगितलं, जरा जोरातच. नुसतं उभं राहिलेलं माणूस मला बघवत नाही. तो आला आणि मग मात्र त्यानं असं झोडपलं की नवं मुंडासं कधी पडलं ते त्याला कळलं नाही.

शेपूट आम्ही गंज्यांच्या पुष्कळ वर दाबलं. तोंडाची जमादाराला चिंता नव्हती. पूर्वेला उघडा कातळ होता, तिथं जाऊन ते आपोआप मरणार होतं. पण वरच्या अंगाची कूस अजून जळत होती, आणि तिच्या वर, सपाटीवर, पिवळ्याच्या मधोमध वऱ्हाडाच्या गाड्या दिसत होत्या. सूर्य कलला होता. दुपारी हा वारा पश्चिमेचा असतो, पण सांजेला खिंडीत तो फिरतो, हे आमच्या नळीवाल्याला मेंढरांमागे हिंडून ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, वारा फिरंल. फिरला की ती कूस तोंड होणार आणि थेट चढानं गाड्यांकडे धावणार.

मी गाडी काळ्यात घातली. खालून धग, वर खडक, आणि वाट चढाची. जळालेल्या जमिनीवर गाडी घालायला पहिल्यांदा अंगावर काटा येतो, पण तीच आमची सडक. वाटेनं कुशीपर्यंत चढलो. जमादारानं नळीवाल्याला वाटेच्या दोन्ही अंगांना पाणी मारायला लावून जळत्या कडेत गाडीभर रुंदीचं दार पाडलं. दाराच्या आत काळं, बाहेर पिवळं आणि त्यात वऱ्हाड. जमादारानं हात वर करून सगळ्यांना आत बोलावलं. बायका पहिल्या, मग गाड्या. पाच मिनिटांचं काम होतं.

एकही माणूस हललं नाही. माझं डोकं सणकलं. मी खाली उतरून धावत गेलो. नवरदेव पुढच्या गाडीत बाशिंग बांधून, हातात कट्यार धरून, मातीच्या गणपतीसारखा बसला होता. त्याच्या शेजारी चुलता उभा. घरचा कर्ता तोच होता, नवऱ्याचा बाप त्याच्यापुढे तोंड उघडत नसे. चुलत्याचं म्हणणं असं की हळदीच्या अंगानं नवरदेव जळल्या जमिनीवर पाय ठेवणार नाही. ते मसण झालं. लग्नाला निघालेलं वऱ्हाड राखेतून जातं का? त्यापेक्षा वर चढून खिंडीतून माघारी जाऊ. मी त्याला सांगितलं की चढाला आग माणसापेक्षा जोरात पळते आणि बैलापेक्षाही, पिवळ्यातून वर गेलात तर निम्म्या वाटेत गाठेल. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाड्यांकडे वळून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"पैलं लगीन ठरलं तवा बैल मेला, आज डोंगुर पेटला. पोरगी पांढऱ्या पायाची हाय. फिरवा गाड्या."

ज्या माणसानं स्वतःच्या हातानं बार उडवला त्याच्या तोंडून हे ऐकून मी त्याला तिथंच धरणार होतो. जमादारानं माझा दंड धरला नसता तर त्या लग्नात आणखी एक भानगड झाली असती. गाडीवानांनी कासरे ओढले. पहिला बैल वळायला लागला. खाली पोत्यानं आग झोडपणारा एक बाप होता आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

मागच्या गाडीतून एक बाई उतरली. नवऱ्याची आई. वरमाईनं लग्नात करायचं काय, तर बसायचं, रुसायचं आणि मान घ्यायचा. तिच्या पायांखाली पायघड्या अंथरतात, तिनं जमिनीवर पाऊल टाकायचं नसतं. ती ठेंगणी, काळीसावळी बाई इरकली लुगड्याचा ओचा सावरत सरळ दीराच्या समोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं सोडला नाही आणि आवाज चढवला नाही.

"बार कुनी उडवला, भावजी? त्या पोरीनं?" ती म्हणाली. "आन् ह्येला मसण म्हनता व्हय? दरसाल राब भाजून त्याच राखंत भात पेरता, त्यो काय मसणात पेरता? ह्यो राब हाय. देवानं भाजलेला."

चुलता काहीतरी बोलायला गेला, पण ती ऐकायला थांबलीच नाही. ती अनवाणी दाराकडे चालायला लागली. राख अजून तापलेली होती, भाजलं असणार. तेव्हा जमादारानं जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. काटा पाव टाकीवर आला होता. त्यानं नळीवाल्याला खूण केली आणि ते राखीव पाणी, ज्याच्यासाठी त्यानं आजवर कितीक जळत्या गंज्यांना नाही म्हटलं होतं, ते त्या बाईच्या पुढं पुढं राखेवर शिंपडायला लावलं. वाफ उठत होती आणि ती त्यातून चालत होती. 

मग बायका उतरल्या, एकीमागे एक, ओल्या राखेतून. नवरदेवानं चुलत्याकडे एकदा पाहिलं, कट्यार कमरेला खोचली आणि उडी मारून आईच्या मागं पळाला. बैल काही केल्या काळ्यात पाय टाकीनात, तेव्हा वाजंत्र्यांनी आपले फेटे सोडून त्यांच्या डोळ्यांवर बांधले. शेवटच्या गाडीत उखळीची उरलेली दारू होती. नळीवाल्यानं ती गोणी आधी चिंब भिजवली, चुलत्याला दाखवून म्हणाला, आता वाजवा, आणि मग गाडी आत घेतली. त्या दिवसातलं हे त्याचं दुसरं वाक्य. चुलता सगळ्यांत शेवटी आत आला, कारण तोवर वारा फिरला होता आणि त्याला मागे ज्वाळांचा आवाज ऐकू आला होता. ज्या सपाटीवर गाड्या उभ्या होत्या ती आमच्या डोळ्यांदेखत पेटली, भडका उडाला, आणि घटकेत तीही काळी होऊन गेली.  

मुहूर्त गाठायचा म्हणजे बैलगाड्यांचं काम नव्हतं. नवरदेवाला आम्ही टाकीवर चढवलं, वाजंत्र्यांना त्याच्या मागं, वरमाईला माझ्या शेजारी. सनईवाल्याचा श्वास धुरानं लागत नव्हता, म्हणून सगळ्या वाटेनं जमादारानं घंटाच वाजवली. गुरं गावात शिरत होती, त्यांच्यामागून आम्ही शिरलो. मांडवाच्या दारात नवऱ्याचे पाय धुवायचे असतात. मुलीच्या बापानं परातीत पाय घेतले आणि पाणी शाईसारखं काळं झालं. दुसरं पाणी ओतलं, तेही काळं. बापाचे स्वतःचे हात कोपरापर्यंत काळे होते, तेव्हा नवऱ्याच्या पायांची काजळी निघते की सासऱ्याच्या हातांची, ते सांगणं कठीण होतं. दोघं एकमेकांकडे बघून हसले, आणि मग सगळा मांडव हसला. अक्षता वेळेवर पडल्या. आंघोळीच्या गरम पाण्याची आठवण कुणालाच झाली नाही, आणि जमादारानं ती मुद्दाम कुणाला करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला डोंगरावर जायचंच होतं. विझलेल्या वणव्यावरून सकाळी एक फेरी मारायची, एखादं शेणकूट, एखादा बुंधा आतून धुमसत असतो, तो उकरून विझवायचा, असा जमादाराचा नियम. वरात निघाली होती त्याच वाटेनं, म्हणून आम्ही गाड्यांच्या मागं मागं चढत होतो. नदीवर टाकी भरून घ्यायची आणि चांद्याला जेवून परतायचं असं ठरलं होतं. जेवणाचं आवतण वरमाईनं स्वतः दिलं होतं.

काळं सुरू झालं तिथं पुढची गाडी थांबली. हिरव्या शालूतली नवरी खाली उतरली. चुलता डोंगरावर काय बोलला ते रात्रीतून तिच्या कानावर गेलेलं होतं. असल्या गोष्टी लग्नघरात जेवणाच्या पंगतीपेक्षा लवकर फिरतात. तिनं कुणाला काही विचारलं नाही, रडली नाही. वहाणा गाडीत ठेवल्या आणि अनवाणी राखेतून चालायला लागली. राख आता गार होती, पण दगड, खुंटं, जळलेल्या गवताचे बोचरे बुडखे होतेच. चुलता तिला गाडीत बसायला सांगायला पुढं झाला. वरमाईनं नुसता हात आडवा केला. "चालू द्या तिला," ती म्हणाली. "घरात तिचेच पाय यायचेत."

ती सगळं काळं चालून गेली, खिंडीपर्यंत. मी मागं गाडी रांगवत होतो आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि ती पाठ ताठ होती. खिंडीत वरमाईनं तिला गाडीत घेतलं. पुढं नदी आली. उन्हाळ्याचं पाणी गुडघाभर, सगळ्या बायका उतारावर पाय धुवायला उतरल्या. नवरी उतरायला लागली तर वरमाईनं तिला बसवून ठेवलं आणि पाय वर उचलून घ्यायला लावले. आम्ही टाकी भरत होतो, मला वाटलं पाण्याला ओढ आहे म्हणून जपते आहे.

चांद्याला त्यांच्या दारात माप ठेवलेलं होतं. ओटी, माजघर सकाळीच सारवलेलं, अजून ओलसर. एक मुलगी तांब्या घेऊन धावत आली नवरीचे पाय धुवायला. वरमाईनं तांब्या काढून घेतला. नवरीनं मापाला पाय लावला, तांदूळ आत सांडले, आणि ती उंबरा ओलांडून चालत गेली. हळदीच्या तेलानं माखलेले पाय, त्यावर काजळी पक्की बसलेली. ओल्या सारवणावर तिचं एक एक पाऊल उमटत गेलं, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत, काळंभोर, टाचेपासून बोटांपर्यंत स्पष्ट. घरातल्या बायका बघत राहिल्या. मीही दारातून बघत होतो, हातात माझी टोपी होती.

"पेरनी होईस्तवर ही जमीन सारवायची न्हाई," वरमाई म्हणाली.

सगळ्यांच्या मागून चुलता आला. उंबऱ्याशी थबकला. खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यानं वहाणा काढल्या, धोतराचा सोगा उचलून धरला, आणि एकाही पावलाला धक्का न लावता भिंतीच्या कडेकडेनं आत गेला.